सोसणे आणि धीर : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दुःखसहनाची भाषा

१

‘त्याने सोसले’ आणि ‘त्याला धीर आला’ ही दोन वाक्ये मराठीत नित्य एकमेकांच्या सोबतीने येतात. घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, दुखणे लांबले, म्हणजे भेटीस आलेली माणसे हीच दोन वाक्ये मागेपुढे करून बोलतात. तथापि या दोन वाक्यांची घडण एक नाही. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. क्रिया त्याची आहे आणि तिचा भारही त्याच्यावर आहे. दुसऱ्या वाक्यात कर्तृपद ‘धीर’ या शब्दाकडे आहे. माणूस ‘ला’ हा प्रत्यय घेऊन एका बाजूस उभा आहे आणि धीर कोठून तरी त्याच्याकडे येतो आहे. धीर येतो, दिला जातो, धरला जातो, सुटतो, खचतो. तो कोणी स्वतःच्या ठायी ‘केला’ असे मराठी बोलीत सहसा म्हणत नाहीत. सोसणे हे ज्याचे त्याने करावयाचे असते. धीर मात्र दुसऱ्याकडून यावा लागतो, असे या भाषेच्या रचनेतच गृहीत धरलेले दिसते.

ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने दुःख सहन करण्याचे बळ माणसाला कसे मिळते, हा प्रश्न प्रायः धर्मोपदेशाचा मानला जातो. त्यामुळे मराठी वाङ्मयसमीक्षेने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. परंतु नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई या तिघांच्या लेखनाचा हाच मध्यवर्ती विषय आहे, आणि मराठी वाङ्मयात या तिघांचे स्थान वादातीत आहे. तेव्हा त्यांच्या लेखनातून या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करणे अप्रस्तुत ठरू नये. विचाराचे सूत्र वर आलेल्या दोन वाक्यांतच आहे. ज्या लेखनात सोसण्याचे कर्तेपण माणसाकडे राहते आणि धीर तेवढा बाहेरून येतो, ते लेखन खरे उतरते. जेथे धीराच्या ओघात सोसणाराच पुसला जातो, तेथे श्रद्धा कदाचित उरत असेल. दुःखाचा अनुभव मात्र उरत नाही.

या विचाराला एक प्रादेशिक चौकटही आहे. टिळकांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व साताऱ्याशी निगडित आहे. रमाबाईंच्या आयुष्यातील अखेरचा मोठा आघात मिरजेशी. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या एकाच खोऱ्यातील ही दोन स्थळे दुःखसहनाच्या दोन निरनिराळ्या भाषांची साक्ष देतात. त्या दोहोंच्या मध्ये लक्ष्मीबाईंची तिसरी भाषा उभी आहे.

२

ख्रिस्ती विचार मराठीत आला तो प्रथम अनुवादाच्या वाटेने. बंगालमधील सेरामपूर येथून १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईत त्या भाषांतरांचे संस्करण वारंवार होत राहिले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात क्लेशापासून आशेपर्यंत जाणारी एक पायऱ्यांची मालिका आहे. तिच्यातील मधल्या पायरीचा ग्रीक शब्द ‘ह्युपोमोने’ हा आहे. ‘खाली’ आणि ‘राहणे’ अशा दोन अवयवांनी तो बनलेला आहे. ओझ्याखालून पळून न जाता तेथेच टिकून राहणे हा त्याचा धात्वर्थ. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘धीर’ आणि ‘सहनशीलता’ हे शब्द योजले. दोन्ही शब्द योग्य आहेत, पण दोहोंत मूळ शब्दाचा अर्धाच अर्थ उतरला आहे. धीर म्हटले की ओझे दिसत नाही. सहनशीलता म्हटले की स्वभावाचा एक गुण दिसतो, टिकून राहण्याची क्रिया दिसत नाही.

‘सहन’ या शब्दाचा इतिहास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. वैदिक भाषेत ‘सह्’ या धातूचा प्रमुख अर्थ जिंकणे, वरचढ होणे असा आहे आणि ‘सहस्’ म्हणजे बळ. त्याच धातूपासून पुढे सोसण्याचा अर्थ रूढ झाला आणि मराठीला ‘साहणे’ हे क्रियापद मिळाले. म्हणजे जो साहतो तो मुळात बलवान होता. भाषेच्या वाटचालीत बळाचा अर्थ गळून पडला आणि नुसते निमूटपणे सोसणे मागे राहिले. ख्रिस्ती लेखकांना हा गळालेला अर्थ मराठीत पुन्हा आणावयाचा होता. त्यांच्यापैकी कोणाला धातूचा इतिहास अवगत होता की नव्हता हा प्रश्न गौण आहे. त्यांच्यासमोरील कामाचे स्वरूप असे होते, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

या कामात मराठीतील दोन क्रियापदांनी त्यांना दोन दिशांना ओढले. एक ‘भोगणे’. भोग हा शब्द सुखाला लागतो तसा दुःखालाही लागतो आणि त्याच्या पाठीमागे कर्मफलाची कल्पना उभी असते. ‘भोग सरला’ असे म्हणणारा माणूस हिशेब पुरा झाल्याचे सांगत असतो. ख्रिस्ती श्रद्धेला हा हिशेब मान्य नाही, पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडून तो शब्द सुटणेही सोपे नव्हते. दुसरे क्रियापद ‘वाहणे’. ओझे वाहतात, तशी देवाला फुलेही वाहतात. भार उचलणे आणि अर्पण करणे या दोन्ही क्रिया मराठीने एकाच शब्दात ठेवल्या आहेत. दुःख हे ओझे आहे आणि तेच अर्पणही होऊ शकते, ही कल्पना समजावून देण्यासाठी दुसऱ्या भाषेला पानभर विवेचन लागेल. मराठीला एक शब्द पुरतो.

दुर्दैवाने अनुवादाच्या रूढ परिभाषेने या शब्दाची वाट काही अंशी अडविली. प्रॉटेस्टंट भाषांतरांत ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ झाला. अर्थाने तो अचूक आहे, पण स्तंभ ही जमिनीत रोवलेली वस्तू आहे. ती खांद्यावर घेऊन चालण्याचे चित्र मराठी मनापुढे सहजी उभे राहत नाही. पोर्तुगीज भाषेतून आलेला ‘क्रूस’ हा शब्द या दृष्टीने अधिक सोयीचा ठरला. त्याच्यामागे मराठी अर्थाचे कोणतेच ओझे नसल्यामुळे तो ‘वाहता’ येतो. स्तोत्रांत आणि बोलीत तो टिकून राहिला याचे एक कारण हेही असावे.

३

टिळकांनी (१८६१–१९१९) अनुवादाची ही परिभाषा बाजूला ठेवली आणि वारकरी संतांची भाषा जवळ केली. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. दुःखाच्या बाबतीत तो सेतू अधिकच बळकट होता. दुष्काळ, दिवाळे, पत्नीचा अन्नावाचून झालेला मृत्यू या आपत्तींकडे तुकोबांनी ईश्वराकडे नेणारी वाट म्हणून पाहिले होते. आपत्ती ही शिक्षा नव्हे, ती बोलावणे आहे, ही दृष्टी मराठी भक्तिपरंपरेत टिळकांना आयतीच मिळाली. त्यांनी ख्रिस्ताला ‘गुरू’ म्हटले, ‘माउली’ म्हटले आणि अभंग, ओवी, पद या जुन्या वृत्तांत ख्रिस्ती उपासना बसविली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत, यावरून त्या भाषेचा स्वीकार किती व्यापक प्रमाणावर झाला हे दिसते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज उभा करण्याचे ठरविले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत, अशी त्यांची कल्पना होती. दरबार हा शब्द सातारकरांच्या कानांना परका नव्हता. ज्या नगरीने छत्रपतींचा दरबार पाहिला होता, तेथे देवाचा दरबार मांडण्यात एक अर्थपूर्ण धैर्य आहे. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग अंकुरावस्थेतच खुंटला. तथापि त्यामागील विचार त्यांच्या गीतांशी सुसंगत आहे. माणसाने एकट्याने सोसू नये, सोसणाऱ्यांचा एक समुदाय असावा, हा तो विचार होय.

या गीतांच्या गुणांबरोबर त्यांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. माउली हे रूपक दुःखाच्या संदर्भात आले की एक गोष्ट अपरिहार्यपणे घडते. आईच्या कुशीतील मूल सोसत नाही; त्याच्यासाठी आई सोसते. ख्रिस्ताने मानवासाठी दुःख सोसले या सिद्धान्ताशी हे रूपक तंतोतंत जुळते, म्हणून टिळकांना ते प्रिय झाले. परंतु त्यामुळे गाणाऱ्याचे स्वतःचे दुःख कित्येकदा दोन चरणांतच निवते. वेदना उच्चारली जाते न जाते तोच सांत्वन येऊन पोहोचते. तुकोबांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे, शिवीगाळ आहे, थकवा आहे, रात्रंदिवस चाललेला झगडा आहे; सांत्वन त्यानंतर येते आणि म्हणून ते मोलाचे वाटते. टिळकांनी सेतू घेतला; सेतूखालचा पूर मात्र प्रत्येक वेळी घेतला नाही. सोसण्याचे कर्तेपण त्यांच्या गीतांत अनेकदा देवाकडे जाते आणि भक्ताच्या वाट्याला केवळ विसावा राहतो.

हा दोष मुख्यतः कागदावरचा आहे, हेही मान्य केले पाहिजे. गीत हे वाचण्यासाठी नसते. मंडळी एकत्र गाऊ लागली म्हणजे प्रथमपुरुषी एकवचनाचे नकळत अनेकवचन होते. एकाचा खचलेला सूर दुसरा उचलून धरतो. ‘धीर देणे’ ही क्रिया तेथे शब्दांनी होत नसून स्वरांनी होत असते. वाचताना जे सांत्वन फार लवकर आल्यासारखे वाटते, ते मृताच्या घरी जमलेल्या मंडळींच्या कंठातून योग्य वेळी येते. टिळकांच्या गीतांचा न्याय करताना हे भान सुटू नये.

४

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. श्रद्धेमुळे दुःख सोसण्याचे बळ मिळाले, असे एखाद्या सरळ सूत्रात सांगू पाहणाऱ्याची हा ग्रंथ पहिल्याच पाऊली अडचण करतो. कारण बाईंच्या आयुष्यातील सर्वांत तीव्र दुःख त्यांच्या ख्रिस्ती होण्यापूर्वीचे आहे आणि त्या दुःखाचे कारणच पतीची ख्रिस्ती श्रद्धा हे आहे. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. लहान मुलगा पदरी, नवरा जिवंत असून नाही, आणि समाजाच्या दृष्टीने स्वतःची गणना ना सुवासिनींत ना विधवांत, अशी ती अवस्था होती. काही काळ नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरास गेला. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेने या स्त्रीला प्रथम दुःखच आणून दिले. धीर नंतर आला.

येथे लेखिकेपुढे एक मोह होता. तीसचाळीस वर्षांनंतर, दृढ ख्रिस्ती श्रद्धेत स्थिरावल्यावर मागे वळून पाहताना, त्या जुन्या दुःखावर नव्या श्रद्धेचा रंग चढविणे सोपे होते. ते सारे ईश्वरी योजनेनेच घडले, असे एक वाक्य प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी लिहिता आले असते, आणि धर्मबांधव वाचकांना ते आवडलेही असते. बाईंनी तसे केले नाही. त्या काळातील तरुण लक्ष्मी तिच्या सोवळ्याओवळ्यासह, तिच्या रागासह आणि भाबडेपणासह जशीच्या तशी ग्रंथात वावरते. तिला धीर नव्हता तेव्हा तो नव्हता, असेच लेखिका दाखविते. या प्रामाणिकपणामुळे पुढे जेव्हा धीर येतो तेव्हा वाचकाचा त्यावर विश्वास बसतो.

धर्मांतराकडे नेणारी पायरीही सिद्धान्ताची नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे एके दिवशी मनाला पटले आणि तेथून पुढची वाट सुटली, असे बाई सांगतात. ज्या घरात वडिलांच्या सोवळ्याच्या ध्यासापायी मीठसाखरेलाही पाण्याखालून जावे लागे, त्या घरात वाढलेल्या स्त्रीने हा निर्णय घेतला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निर्णयाचे वजन कळते. सोसण्याची सवय लागलेल्या व्यक्तीने एक गोष्ट यापुढे सोसावयाची नाही, मानावयाची नाही असे ठरविणे, हा तिच्या श्रद्धेचा आरंभ आहे.

बाईंची भाषा घरातली आहे. वाक्य आखूड, क्रियापद साधे, संवाद भरपूर, म्हणी जागच्या जागी. शालेय शिक्षणाचा संस्कार जवळजवळ नसल्यामुळे अनुवादाच्या मराठीची छाया त्यांच्या गद्यावर पडली नाही. दुष्काळातील अनाथ मुले, प्लेग, पैशाची ओढाताण, मुलांचे मृत्यू आणि अखेरीस पतीचे निधन या साऱ्यांविषयी लिहिताना दुःखवाचक भाववाचक नामे त्या जवळजवळ वापरीत नाहीत. कोणी काय केले, काय म्हटले, चुलीवर काय होते, गाडी किती वाजता होती, हे त्या सांगतात. दुःख त्या तपशिलांच्या फटीतून दिसते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांच्या गद्यात नामाचे काम क्रियापद करते आणि म्हणून सोसणे ही तेथे एक अवस्था न राहता सतत चाललेली क्रिया होते.

या ग्रंथातील विनोदाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे; सहनाशी असलेला त्याचा संबंध मात्र क्वचितच दाखविला गेला. टिळकांचा विसरभोळेपणा, हातचे देऊन मोकळे होण्याचा त्यांचा स्वभाव, न सांगता घराबाहेर पडणे, या साऱ्यांनी पत्नीला किती त्रास झाला असेल याची कल्पना येते. १९१७ मधील वेतनत्यागही या मालिकेत पाहिला पाहिजे. वेतन सोडणाऱ्याचा त्याग चरित्रकाराला एका ओळीत सांगता येतो. वेतन सुटलेल्या घरातील संध्याकाळचा स्वयंपाक एका ओळीत होत नाही. बाई त्या त्रासाकडे हसून पाहतात. ते हसणे दुःख झाकण्यासाठी नाही. ज्याला स्वतःच्या दुःखापासून हातभर अंतरावर उभे राहता येते, त्यालाच हसता येते. हे अंतर म्हणजेच धीर. तो कोठून आला, हे लेखिका सांगत बसत नाही. प्रार्थनेचा उल्लेख येतो तोही पाणी भरण्याच्या उल्लेखासारखा, दिवसाच्या कामांपैकी एक म्हणून. श्रद्धेचे असे अनाक्रमक दर्शन मराठी गद्यात विरळ आहे.

पतीच्या मागे बाईंनी आणखी एक ओझे उचलले. टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध काव्याचे अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले होते; पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. वाङ्मयीन गुणांच्या दृष्टीने ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या तोलाचे नाही. ओवीची चाल सांभाळताना कित्येक ठिकाणी कथन सपाट होते. परंतु मृत पतीचे अपुरे काव्य वर्षानुवर्षे पुढे नेणे या कृतीला ‘वाहणे’ हे क्रियापद दोन्ही अर्थांनी लागू पडते. ओझेही तेच आणि अर्पणही तेच.

५

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची वाट टिळकांच्या वाटेच्या नेमकी उलट आहे. संस्कृत विद्येत वाढलेल्या या विदुषीने बायबलच्या आपल्या मराठी भाषांतरात हिंदू तत्त्वज्ञान व उपासना यांच्याशी जोडलेली संस्कृत परिभाषा कटाक्षाने टाळण्याचा प्रयत्न केला. अक्षरओळख नुकतीच झालेल्या स्त्रीलाही समजावे, ही त्यांची दृष्टी होती. मूळ इब्रानी व ग्रीक भाषांचा अभ्यास करून चाललेले हे काम त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी त्याची जुळणी व छपाई केली. ज्यांनी स्वतः दुष्काळ भोगला होता, त्यांच्या हातांनी खिळे जुळविले जात होते. दुःखाच्या भाषेला अशी जुळणी क्वचितच लाभते.

रमाबाईंनी आपल्या श्रद्धेचा प्रवास १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितला आहे. त्यातील दुष्काळाची हकीकत या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८७४ च्या सुमारास तीर्थयात्रा करीत फिरणारे हे कुटुंब अन्नान्न दशेला पोहोचले. द्रव्य सरले, भांडी सरली, रानातील पाल्यावर दिवस निघाले. वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीण गेली. हे सारे त्या हिशेबनिसाच्या कोरडेपणाने सांगतात. विशेषण नाही, उद्गारचिन्हाला वाव नाही. लक्ष्मीबाईंप्रमाणेच येथेही सर्वांत मोठे दुःख ख्रिस्ती श्रद्धेच्या पूर्वीचे आहे. परंतु लक्ष्मीबाई जेथे मागच्या ‘स्व’कडे हसून पाहतात, तेथे रमाबाई न्यायाधीशासारख्या पाहतात. पुण्यसंचयासाठी सर्वस्व दान करून उपाशी मेलेल्या आईबापांविषयी त्यांना अपार प्रेम आहे आणि त्या दानाला प्रेरणा देणाऱ्या समजुतीविषयी कठोर असंतोषही आहे. ‘भोगणे’ या शब्दामागील हिशेब त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. म्हणून तो शब्द त्यांनी नाकारला.

मिरजेचा संबंध येतो तो येथे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले. आरंभी सांगलीस काम करून पुढे त्यांनी मिरज हे आपले केंद्र केले, आणि १८९४ मध्ये तेथे इस्पितळ उभे राहिले. पुढे वैद्यकीय शिक्षणाची शाळा, कुष्ठरोग्यांसाठी निवास, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम अशी त्याची वाढ होत गेली. परक्या माणसाच्या आडनावाला ‘वाडी’ लावून ‘वानलेसवाडी’ असे ग्रामनाम लोकांनी रूढ केले, ही भाषेने दिलेली पावतीच म्हटली पाहिजे. त्या इस्पितळाची कीर्ती ऐकून दूरदूरचे रोगी मिरजेस येत. रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमाबाई हिलाही उपचारांसाठी तेथे आणण्यात आले, आणि जुलै १९२१ मध्ये तेथेच तिचे निधन झाले. तिचे वय चाळीस वर्षांचे होते. मुक्ती मिशनचा भार पुढे तिनेच सांभाळावा, अशी सर्वांची अपेक्षा होती.

या आघातावर रमाबाईंनी ग्रंथ लिहिला नाही. भाषांतराचे काम मात्र थांबले नाही. नऊ महिन्यांच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, त्यांचेही देहावसान झाले. हे मौन समीक्षकाने कसे वाचावे? त्याला दुःखाचा अभाव म्हणता येणार नाही. सिद्धान्ताचा विजय म्हणणेही घाईचे होईल. आयुष्यभर ज्या लेखिकेने दुःखाच्या अलंकृत भाषेविषयी अविश्वास बाळगला, तिने अखेरच्या दुःखाला कोणतीच भाषा दिली नाही. त्या काळात तिच्यासमोर पौलाचे आणि ईयोबाचे शब्द होते आणि ते सोप्या मराठीत उतरविण्याचे काम होते. दुसऱ्याच्या दुःखाचे शब्द नेमके उतरविणे हेच तिच्या स्वतःच्या सहनाचे रूप झाले, एवढे म्हणण्यास आधार आहे.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई ही तिन्ही माणसे ब्राह्मण कुटुंबांतील होती. सातारा व सांगली परिसरातील खेड्यांत ख्रिस्ती झालेली बहुसंख्य माणसे महार, मांग अशा जातींची होती. त्यांचे सोसणे निराळे होते. टिळकांना बहिष्कार सोसावा लागला तो धर्म बदलल्यावर. या माणसांचा बहिष्कार जन्मापासूनचा होता आणि धर्म बदलल्यानेही तो संपला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत, म्हणजे कायद्यानेही त्यांचे जुने दुःख ओळखले नाही. त्यांच्याविषयीची माहिती बहुतांशी मिशनऱ्यांच्या लेखनातून मिळते, आणि तेथे त्यांची वाक्यरचनाच बदललेली असते: त्यांना धीर देण्यात आला, त्यांना अन्न देण्यात आले. ‘मी सोसले’ हे वाक्य त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून फार थोडे आले.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक तीव्र आहे. दडपलेल्या माणसाला सहनाचा उपदेश करणे म्हणजे दडपणाऱ्याची सोय पाहणे नव्हे काय? धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असाच प्रश्न उपस्थित केला होता. माणसाची दुर्गती त्याच्या पापामुळे होते असे शिकविले, की ज्या समाजरचनेमुळे ती होते तिच्याविरुद्ध लढण्याची प्रेरणा मंदावते, असे त्यांच्या विवेचनाचे तात्पर्य आहे. हा प्रश्न रास्त आहे आणि केवळ श्रद्धेची थोरवी सांगून त्याचे उत्तर होत नाही.

उत्तराची दिशा पुन्हा भाषेतच सापडते. ‘आता सोसणार नाही’ असे वाक्य मराठीत सहज होते. ‘आता भोगणार नाही’ हे वाक्य कानाला खटकते, कारण भोग माणसाच्या हातचा नाही. जो सोसण्याचा कर्ता आहे, त्यालाच सोसणे थांबविण्याचा अधिकार आहे. म्हणून दुःखसहनाच्या वाङ्मयात सोसणाऱ्याचे कर्तेपण टिकते की नाही, हा प्रश्न शैलीपुरता मर्यादित राहत नाही. त्याच्यावर माणसाची मोकळीक अवलंबून असते. लक्ष्मीबाईंनी विरह सोसला आणि जातिभेद नाकारला. रमाबाईंनी भूक सोसली आणि भुकेल्यांसाठी घर उभे केले. दोघींच्या लेखनात धीर आणि नकार एकाच ठिकाणाहून येतात. उलट ज्या उपदेशपर गद्यात आणि ज्या गीतांत सोसणारा माणूस दिसेनासा होतो, त्यांच्यावर वरील आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. तेथे श्रद्धेचे नाव ख्रिस्ती असले तरी शब्दामागील कल्पना जुन्या भोगाचीच राहते.

७

तीन भाषांचा हा विचार येथे आवरता घेता येईल. टिळकांनी दुःखाला भक्तीची भाषा दिली. तिने समुदायाला गाता येईल असे सांत्वन निर्माण केले, पण एकट्याच्या वेदनेला ती प्रत्येक वेळी पुरेशी थांबली नाही. रमाबाईंनी दुःखावरील अलंकार उतरविले. त्यांची भाषा सत्याला जागली, आणि शेवटच्या आघातापाशी ती मूक झाली. लक्ष्मीबाईंनी घरातील बोली जशीच्या तशी कागदावर आणली. तिच्यात सोसणे माणसाचे राहिले, धीर देवाचा राहिला, आणि दोहोंची सरमिसळ झाली नाही. वाङ्मयीन निकषावर या तिघांत ‘स्मृतिचित्रां’ना अग्रस्थान द्यावे लागते ते केवळ विनोदासाठी किंवा साधेपणासाठी नव्हे, या विवेकासाठी द्यावे लागते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे आता अधिक अवघड काम आहे. खेडोपाडीच्या मंडळ्यांत गायिली जाणारी पदे, कीर्तने, मृत्युप्रसंगीच्या प्रार्थना आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या आठवणी यांचा संग्रह बोलीच्या नोंदींसह झाला पाहिजे. ज्यांना धीर ‘देण्यात आला’ असे लिहिले गेले, त्यांनी स्वतः ‘मी सोसले’ हे वाक्य कोणत्या शब्दांत उच्चारले, हे त्याशिवाय कळणार नाही. आणि ते कळल्याखेरीज श्रद्धेने माणसाला बळ दिले की केवळ गप्प केले, या प्रश्नाचा निर्णय एका बाजूची साक्ष ऐकून दिल्यासारखा होईल.